चेंडू येण्याआधीचा पवित्रा

पिकलबॉल शिकायला जाणाऱ्या बहुतेक जणींचं सारं लक्ष बॅट कशी फिरवायची याकडे असतं. उभं कसं राहायचं, हे कोण विचारतं? मग चेंडू अंगावर आला की धांदल उडते ती उडतेच!

हा खेळ १९६५ साली अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जन्मला. कोर्ट बॅडमिंटनएवढंच, २० बाय ४४ फूट. नेटच्या दोन्ही बाजूंना ७-७ फुटांचा पट्टा असतो, त्याला म्हणतात चक्क 'किचन'! या किचनमध्ये उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायला बंदी. (घरच्या किचनलाही असा एखादा नियम हवा होता, नाही?) त्यामुळे खेळाला रंग चढला की चौघीजणी किचनच्या रेषेलगत समोरासमोर येतात. मधे अंतर जेमतेम १४-१५ फूट. चेंडू आल्यावर सावरायला तिथे वेळच नसतो.

शाळेत खो-खो खेळला असालच. खो मिळायची वाट पाहणारी मुलगी फतकल मारून बसते का? तसंच हे. पाय खांद्यांहून थोडे रुंद, गुडघे किंचित वाकलेले, भार चवड्यांवर. बॅट छातीसमोर, कोपरं अंगापासून सुटी, मूठ सैल. बॅट मांडीशी लोंबकळत ठेवायची खोड पुष्कळ जणींना असते, ती मोडा. समोरची चेंडू मारते त्याच क्षणी जागच्या जागी एक छोटीशी उडी घ्यायची. उडी कसली, उचकीच म्हणा! दोन्ही पाय टेकले की डावी-उजवीकडे कुठेही निघता येतं.

आणि एक गोष्ट अगदी निक्षून सांगते. डोक्यावरून गेलेल्या उंच चेंडूसाठी उलट्या पावलांनी मागे जाऊ नका. टाच अडखळते, तोल जातो, हात टेकला जातो आणि मनगट मोडतं. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होत जातात, तेव्हा तर हा धोका फारच. आधी अंग वळवा, मग धावा. नाही गाठता आला, तर जाऊ दे तो गुण! बूटही कोर्टवर खेळायचेच घ्या. धावण्याच्या जाड, मऊ तळव्याच्या बुटांत बाजूला झेपावताना घोटा मुरगळतो.

सराव घरीही होतो, बरं का. दूध तापत ठेवलंत की ओट्याला न रेलता याच पवित्र्यात उभ्या राहा. पहिल्या दिवशी मांड्या भरून येतील. दुधाकडे मात्र लक्ष असू द्या!