वाढणारी जेवली का?

दसरा आठ दिवसांवर आला, की दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला असतो. तपासणी झाली, औषधांची चिठ्ठी हातात पडली, की दारापर्यंत गेलेले आजोबा मागे वळतात आणि हळूच विचारतात, "डॉक्टर, सणाचं तेवढं श्रीखंड चालेल ना?" मागे उभी असलेली सून 'नाही म्हणा' अशी मानेनेच खूण करते. या प्रश्नाचे उत्तर मी आज देणार आहे. पण त्याआधी आमच्याच घरात घडलेला प्रसंग सांगतो. सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण चूक माझीही होती.

गोष्ट २०१९ च्या दसऱ्याची. दसऱ्याला आमचे सगळे कुटुंब गावच्या घरी जमते. त्या वर्षी लहानमोठी धरून २२ पाने होती. श्रीखंड विकतचे आणायचे नाही, हा काकूचा नियम. आदल्या दिवशी चार लिटर दुधाचे दही पंचात बांधून खुंटीला टांगायचे, रात्रभर पाणी निथळू द्यायचे आणि सकाळी चक्का व साखर पुरणयंत्रातून काढायची. मग वेलदोडा, जायफळ, दुधात खललेले केशर आणि वर चारोळी. ना पाक, ना तळण. दही, साखर आणि मनगटात जोर, एवढेच भांडवल.

काका तेव्हा ७४ वर्षांचे, काकू ६८ ची. मधुमेह दोघांनाही, आणि दोघांची औषधे माझीच. पण घरात 'डायबेटिसवाले' म्हणून ओळखले जात ते काका. त्यांच्या वाटीवर सकाळपासून पहारा होता. नातवंडे, सुना, मी, सगळेच त्या पहाऱ्यात. काकूला मधुमेह आहे, हे जणू कुणाच्या लक्षातच नव्हते.

आमच्याकडे नवरात्र दसऱ्याला उठते. आरती होऊन देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय काकू तोंडात काही घालत नाही. पहाटे पाचला उठून तिने बिनसाखरेचा चहा घेतला तेवढाच. नैवेद्याला दीड वाजला. पुरुष आणि मुलांची पहिली पंगत बसली तेव्हा दोन वाजून गेले होते आणि काकू वाढत होती.

तिने मला तिसऱ्यांदा विचारले, "पुरी वाढू का?" भावाच्या पानात मीठ दोनदा वाढले. मग सुनेवर एकदम खेकसली. आयुष्यात कुणाला 'अगं'च्या वर न बोललेली बाई! आम्ही हसलो. "काकू, दमलीस गं, जरा बस," असे मीसुद्धा म्हणालो आणि पुन्हा काकांच्या वाटीकडे पाहू लागलो. दोन मिनिटांनी ती माजघराच्या खांबाला टेकून खाली बसली आणि हातातले श्रीखंडाचे पातेले कलंडले.

कपाळाला हात लावला तर थंडगार घाम. हात थरथरत होते.

"काकू, सकाळपासून काय खाल्लंस?"

"चहा."

"आणि गोळी?"

"घेतली की. तूच म्हणालास ना, गोळी चुकवायची नाही."

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. मी तसे म्हणालो होतो, हे खरेच. पण जेवायलाच उशीर होणार असेल तर काय करायचे, हे मी तिला कधी सांगितले नव्हते.

साखर तपासायचे यंत्र नेमके पूजेत होते. मुलांच्या वह्या, भावाचे पाने-पक्कड, कोयता, खुरपे आणि माझा स्टेथोस्कोप यांच्या शेजारी हळदकुंकू लावून ठेवलेले. देवीची क्षमा मागून ते उचलले. आकडा आला ४८.

रक्तातली साखर ७० च्या खाली गेली, की आम्ही ती कमी झाली असे मानतो. काकूची गोळी ग्लिमेपिराइडची होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आले आहे की नाही, हे तिला कळत नाही. ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड आणि इन्शुलिनचे इंजेक्शन यांच्याबाबतही हाच धोका असतो. एकटी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो बराच कमी. घाम, थरथर, धडधड, एकदम लागलेली भूक ही पहिली लक्षणे. मेंदूला साखर कमी पडली, की माणूस गोंधळतो, चिडतो, असंबद्ध बोलतो. वयस्कर माणसांत कधी कधी एवढेच दिसते आणि घरचे म्हणतात, दमली असेल.

कुणीतरी लगेच श्रीखंडाची वाटी पुढे केली. मी ती बाजूला सारली. दह्यातील स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात सावकाश पोचते. अशा वेळी साधे साखरेचे पाणी हवे. अर्ध्या पेल्यात तीन चमचे साखर, म्हणजे १५ ग्रॅम. १५ मिनिटांनी आकडा ६२ आला, म्हणून पुन्हा तेवढीच साखर दिली. आणखी १५ मिनिटांनी ९४. मग वरणभात. या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो आणि साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून रात्रीपर्यंत दर दोन तासांनी तपासत राहिलो. काकू शुद्धीवर होती, गिळू शकत होती, म्हणून हे घरी जमले. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा आणि ताबडतोब रुग्णालय गाठा.

वाचकहो, सणाला जेवण उशिरा होते, हे आपल्याला आधीपासून ठाऊक असते. म्हणून मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी सकाळी वेळेवर न्याहारी करावी. उपवास करायचाच असेल तर तो सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारून औषधाची वेळ आणि मात्रा ठरवून घ्यावी. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. तसेच 'आज गोड खाल्लं' म्हणून जादा गोळीही घेऊ नये. 'दुपारी श्रीखंड खायचे आहे' म्हणून सकाळी उपाशी राहणे हा तर सर्वांत वाईट हिशेब.

आता श्रीखंडाचे. चक्का आणि साखर समसमान घेतली, तर १०० ग्रॅमच्या वाटीत ५० ग्रॅम साखर जाते, म्हणजे दहा चमचे! साखर चक्क्याच्या निम्मी घेतली तर तेवढ्याच वाटीत सुमारे ३३ ग्रॅम. घरच्या श्रीखंडाचा हाच फायदा, की साखरेचे माप आपल्या हातात असते. साखर आटोक्यात असलेल्या माणसाने अशा श्रीखंडाचे दोन मोठे चमचे, साधारण ३० ग्रॅम, जेवणाबरोबर खावेत आणि त्या बदल्यात एक-दोन पुऱ्या कमी कराव्यात. गूळ घातला म्हणजे चालते, हा गैरसमज. गुळातही बहुतेक भाग साखरच असते.

त्या वर्षापासून आमच्याकडे दोन गोष्टी बदलल्या. चक्क्याला साखर निम्मी पडते. काकांनी पहिल्या वर्षी नाक मुरडले, आता तेच 'आंबटगोड छान लागतं' म्हणतात. दुसरी गोष्ट, काकू सकाळी आठला भाकरी-भाजी खाते आणि पहिल्या पंगतीत बसते. "देवीच्या आधी खाऊ?" असे म्हणून तिने खूप आढेवेढे घेतले होते. तेव्हा काकाच म्हणाले, "अगं, तीही आईच आहे. लेक उपाशी राहिलेली तिला आवडेल का?"

तेव्हा यंदा दसऱ्याला श्रीखंडाची दुसरी वाटी मागण्याआधी एकदा स्वयंपाकघराकडे पाहा आणि विचारा, वाढणारी जेवली का? आणि तिची गोळी कधी झाली?