खरा पोलीस आणि खोटा पोलीस

पोलिसाचें पाऊल दारांत पडणें ही गोष्ट आपल्या पांढरपेशा घरांतून अजूनही अशुभच मानली जाते. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों, आणि कोर्टाच्या पायरीबरोबर पोलीस ठाण्याची पायरीही नकळत त्याच सदरांत घालून बसलों. घरांत फसवणूक झाली तर ती पोटांत ठेवावी, शेजाऱ्यास कळूं देऊं नये, आणि गणवेशाचा माणूस समोर आलाच तर हात जोडून ‘हो साहेब’ म्हणावें, असें हें आमचें शहाणपण. तें नेमकें कोणाच्या उपयोगी पडतें याचा विचार करण्याचा प्रसंग नुकताच आमच्यावर आला. तो वाचकांपुढें ठेवावा म्हणून हा लेख.

आमचें गांव तालुक्याचें. एक बाजारपेठ, एक एस. टी. स्थानक, दोन हायस्कुलें, आणि जुन्या वाड्यांच्या जागीं उभ्या राहिलेल्या चार मजली इमारती. त्यांतील पुष्कळ घरांत आज म्हातारा-म्हातारी दोघेंच राहतात. मुलें पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशीं. अशा घरांसाठीं येथील पोलीस ठाण्यानें गेल्या पावसाळ्यांत दत्तमंदिराच्या सभामंडपांत एक सभा बोलाविली. ठाण्यांतील एक तरुण फौजदारबाई आल्या होत्या. त्यांनीं भाषण असें केलेंच नाहीं. सतरंजीवर आमच्यांतच बसल्या आणि म्हणाल्या, “आधीं चोराची बाजू सांगतें, मग आपली सांगूं.”

चोराची बाजू मोठी अभ्यासाची असते, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. रस्त्यांत साध्या वेषांतील दोन इसम वृद्ध बाईस थांबवितात. ‘आम्ही पोलीस आहों, पुढच्या चौकांत आतांच लूट झाली, दागिने काढून रुमालांत बांधून ठेवा,’ असें सांगतात, आणि मदत म्हणून पुडीही स्वतःच बांधून देतात. घरीं येऊन गांठ सोडावी तों आंत खडे. दुसरे दोघे भांडीं उजळून देण्याच्या मिषानें दारीं येतात. आधीं तांब्या लखलखीत करून दाखवितात, मग बांगड्या मागतात, आणि त्या ज्या द्रावणांत बुडवितात त्यांत सोनें विरघळून वजन घटतें. तिसरा प्रकार अगदीं अलीकडचा. मोबाईलवर लग्नपत्रिका येते. ती उघडावयास जावें तों ती पत्रिका नसून ॲप असतें. आणि तें एकदां फोनांत बसलें कीं बँकेकडून येणारे ओटीपीचे आंकडे परस्पर चोराच्या हातीं पडूं लागतात. लग्नाचें बोलावणें आपल्याकडे कोणी न उघडतां टाकीत नाहीं, हें त्यास पक्कें ठाऊक असतें.

यांवरचे उपाय बाईंनीं एकेका वाक्यांत सांगितले. खरा पोलीस रस्त्यांत कोणास दागिने काढावयास सांगत नाहीं. असें कोणी सांगितलें तर जवळच्या दुकानांत शिरावें आणि ११२ या क्रमांकावर फोन करावा. सोनें उजळावयाचें तें आपल्या सोनाराकडे, दारावरच्या अनोळखी माणसाकडे नव्हे. आणि जी पत्रिका ‘इन्स्टॉल’ करा म्हणते ती पत्रिका नव्हे. यजमानास फोन करून विचारावें, त्यास आनंदच होईल.

परंतु सभेचें खरें कारण चौथा प्रकार होता. त्याचें नांव निघतांच मागच्या रांगेंतील एक निवृत्त शिक्षक उभे राहिले. साऱ्या गांवास ते ‘गुरुजी’ म्हणूनच ठाऊक. “तें मी सांगतों,” ते म्हणाले. त्यांच्या संमतीनें तें येथें देत आहों.

एके सकाळीं त्यांस फोन आला कीं, तुमच्या नांवें पाठविलेल्या पार्सलांत अंमली पदार्थ सांपडले आहेत. पाठोपाठ व्हिडिओ कॉलवर गणवेशांतील अधिकारी दिसूं लागला; मागें अशोकस्तंभाचें चिन्ह, टेबलावर फायली, आणि हातांत गुरुजींच्या नांवाचें वॉरंट. ‘तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे. कॅमेऱ्यासमोरून हलूं नका. कोणास सांगाल तर तीं माणसेंही आरोपी होतील.’ गुरुजी दोन दिवस मागच्या खोलींत बसून राहिले. पत्नी चहा घेऊन आली तेव्हां ‘पेन्शनचें काम चाललें आहे’ असें सांगून त्यांनीं तिला दारांतूनच परत पाठविलें. तिसऱ्या दिवशीं ‘तपासणीसाठीं’ म्हणून सांगितलेल्या खात्यांत पैसे भरावयास ते बँकेंत गेले. मुदतीपूर्वीं ठेव कां मोडतां, असें तेथील कारकुनानें आस्थेनें विचारलें. पढविल्याप्रमाणें त्यांनीं उत्तर दिलें, ‘मुलीच्या घरासाठीं.’

“पस्तीस वर्षें मुलांना खोटें बोलूं नका म्हणून शिकविलें, आणि बँकेंत उभा राहून खोटें बोललों,” एवढें म्हणून ते थांबले.

“गुरुजी, ठाण्यावर केव्हां आलांत?” बाईंनीं हलकेंच विचारलें.

“अकराव्या दिवशीं.”

“मधले दिवस?”

“लाज वाटत होती.”

सभामंडपांत कोणी कांहीं बोललें नाहीं.

मग बाईंनीं कायदा सांगितला. ‘डिजिटल अटक’ अशी वस्तु आपल्या कायद्यांत नाहींच. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३ व्या कलमाप्रमाणें अटक ही माणसास प्रत्यक्ष ताब्यांत घेऊन करावयाची गोष्ट आहे. ३६ व्या कलमाप्रमाणें अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचें नांव स्पष्ट दिसलें पाहिजे, आणि अटकेच्या टिपणावर घरांतील कोणाची किंवा वस्तींतील प्रतिष्ठित माणसाची साक्ष लागते. केवळ साक्षीदार म्हणून माहिती विचारावयाची असली तरी साठ वर्षांवरील पुरुषास, किंवा कोणत्याही वयाच्या स्त्रीस, राहत्या घराखेरीज अन्यत्र येण्यास भाग पाडतां येत नाहीं, असें १७९ वें कलम सांगतें. “कायदा घरच्यांची साक्ष मागतो, आणि चोर घरच्यांना बाहेर ठेवावयास सांगतो. एवढी एकच खूण लक्षांत ठेवा,” असें त्या म्हणाल्या.

गुरुजी या फसवणुकींत एकटे नाहींत. हरियाणांतील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्यास न्यायालयाचे बनावट हुकूम दाखवून असेंच लुबाडण्यांत आलें, आणि त्यांच्या तक्रारीवरून २०२५ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें आपण होऊन या प्रकाराची दखल घेतली. तेव्हां ही अडाण्यांची फसवणूक आहे असें सुशिक्षितांनीं समजूं नये. उलट, जो सरकारी कागदास मान देतो, ज्यानें जन्मांत कोर्ट पाहिलें नाहीं आणि ज्यास अब्रू प्राणापलीकडे प्रिय आहे, तोच या जाळ्यांत आधीं सांपडतो. आपले सद्गुणच येथें चोराचें भांडवल होतात.

आणि अकरा दिवसांचें मोल काय, तेंही ऐकावें. चोराच्या खात्यांत गेलेला पैसा तेथें मुक्काम करीत नाहीं. भाड्यानें घेतलेल्या अनेक खात्यांतून तो भराभर वाटला जातो व शेवटीं काढून घेतला जातो. १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदली कीं ती त्या त्या बँकेकडे जाते, आणि वाटेंत जी रक्कम अजून शिल्लक सांपडेल ती तेथेंच रोखून धरतां येते. म्हणून पहिला तास हाच खरा तास. जो तास आपण ‘लोक काय म्हणतील’ या विचारांत घालवितों, तोच चोरास हवा असतो. गुरुजींच्या बाबतींत रोखून धरण्याजोगें फारच थोडें उरलें होतें.

आमच्या मतें या सभेचें महत्त्व सल्ल्यांपेक्षांही निराळ्या गोष्टींत आहे. पूर्वीं गांवचा जागल्या आणि पाटील यांस प्रत्येक घर ठाऊक असे, आणि प्रत्येक घरास ते ठाऊक असत. १८६१ च्या पोलीस कायद्यानें जो नवा पोलीस उभा केला तो सरकारचा म्हणून आला, आणि प्रजेनें त्यास दुरूनच ओळखलें. खेड्यांत १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमान्वये नेमलेला पोलीस पाटील आजही आहे. परंतु गांवांतल्या इमारतींत राहणाऱ्या आपल्यांपैकीं कितीजणांस आपल्या ठाण्यांतील एका तरी शिपायाचें नांव सांगतां येईल? ज्यानें खरा पोलीस जवळून पाहिलाच नाहीं, त्यास खोटा कसा ओळखूं यावा?

ओळखीचें बळ केवढें, याचें उदाहरण भिवंडीचें आहे. १९८४ सालीं त्या यंत्रमागांच्या गांवीं भीषण दंगल झाली. पुढें तेथें आलेले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांतून समित्या स्थापून पोलीस व रहिवासी यांस एकत्र बसविलें. १९९२ च्या डिसेंबरांत शेजारची मुंबई पेटली तेव्हां भिवंडी शांत राहिली. संकट येण्याआधीं झालेली ओळख संकटांत उपयोगी पडते, हाच त्याचा अर्थ.

अर्थात् ही ओळख एका बाजूनें होत नाहीं. तक्रार घेऊन गेलेल्या वृद्धास बांकावर ताटकळत ठेवलें, ‘एवढें शिकून फसलांत कसे?’ असें विचारलें, तर तो पुन्हां पायरी चढणार नाहीं. ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हें महाराष्ट्र पोलिसांचें ब्रीद आहे; त्यांतलें सद्रक्षण ठाण्याच्या दारांतल्या पहिल्या प्रश्नापासून सुरू होतें. आणि तोच प्रश्न घरांतही विचारला जातो, हें आपण विसरूं नये. गुरुजींस पोलिसांपेक्षांही मुलाच्या प्रश्नाची धास्ती होती. म्हणून ज्या घरांत वडील माणसें आहेत त्या घरीं मुलांनीं आजच सांगून ठेवावें: कांहींही झालें तरी आधीं आम्हांस सांगा, आम्ही रागावणार नाहीं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेशेजारीं ११२ आणि १९३० हे आंकडे मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि त्यांखालीं आपल्या ठाण्याचा क्रमांक.

सभेनंतर साधारण महिन्यानें आमच्या खालच्या मजल्यावरील आजींस तसाच फोन आला. त्यांनीं सारें ऐकून घेतलें व म्हणाल्या, “जरा थांबा हं. आमच्या ठाण्यांतल्या बाईंना विचारतें, त्या परवांच येऊन गेल्या.”

पलीकडून फोन बंद झाला. आजींनीं लगेच १९३० वर कळविलें, आणि मग आम्हांस हांक मारली.