शिकारीच्या पुस्तकातला हाकेकरी

नांदेडच्या एका विहारातील अभ्यासिकेत बारावीच्या एका मुलाने मला विचारले, "वकीलसाहेब, आफ्रिकेतल्या सिंहाच्या, हत्तीच्या शिकारीवर चांगली पुस्तकं कोणती?" मी उत्तर देण्याआधीच शेजारी बसलेले आमचे एक ऐंशी वर्षांचे कार्यकर्ते काका कडाडले, "आपण पंचशील घेतलेली माणसं. सकाळी पाणातिपाता म्हणायचं आणि संध्याकाळी शिकारीची पुस्तकं वाचायची? त्यापेक्षा बाबासाहेब वाच." मुलगा गप्प झाला. त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर आज या स्तंभातून देत आहे.

काकांचा मुद्दा खोटा नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी तरुण सिद्धार्थाचा प्रसंग दिला आहे. मित्र शिकारीला बोलावतात, सिद्धार्थ जात नाही. वाघाला भितोस काय, असे ते डिवचतात. त्यावर तो सुनावतो की तुम्ही वाघ मारायला निघालेला नाहीत, निरुपद्रवी हरणे आणि ससे मारायला निघाला आहात. नुसता नेम पाहायला चल म्हटले तरी तो नकार देतो. शिकार करू नये, हा धडा यातून घ्यायचाच. पण शिकारीचे पुस्तक वाचू नये, हे कोठून आले? मनुस्मृतीचे दहन करणाऱ्या बाबासाहेबांनी ती आधी नीट वाचली होती. म्हणून माझे म्हणणे असे की ही पुस्तके जरूर वाचावीत, मात्र वकील विरुद्ध पक्षाचा साक्षीदार तपासतो तशी वाचावीत. साक्षीदार अभिमानाने जे सांगतो ते ऐकून घ्यायचे आणि त्याच्या तोंडून सहज निसटते ते टिपून ठेवायचे.

सुरुवात जे. एच. पॅटरसनच्या 'द मॅनईटर्स ऑफ त्सावो' या १९०७ च्या पुस्तकापासून करावी. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रज रेल्वे टाकत होते. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२ हजार मजूर नेले गेले. त्यातले सुमारे अडीच हजार तेथे मरण पावले. १८९८ मध्ये त्सावो नदीवर पुलाचे काम चालू असताना दोन सिंह रात्री तंबूत शिरून माणसे ओढून नेऊ लागले. पॅटरसनने डिसेंबरात दोघांनाही मारले. वाचताना अंगावर काटा येतो, यात शंका नाही.

पण मेलेल्यांचा हिशेब कसा दिला आहे, ते पाहा. उंगनसिंग नावाच्या शीख जमादाराला सिंहाने नेले, त्याला नाव मिळते. हिंदी कुलींना आकडा मिळतो, अठ्ठावीस. आणि आफ्रिकी माणसे? ती कित्येक मेली, पण त्यांची सरकारी नोंद ठेवली गेली नाही, असे लेखक स्वतःच सांगून पुढे जातो. जमादाराला नाव, कुलीला आकडा आणि त्या मातीच्या मालकाला काहीच नाही! बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणत, ती येथे मेल्यानंतरही सुटत नाही. त्या सिंहांच्या कातड्यांना मात्र पुढे शिकागोच्या फील्ड म्युझियमने ५ हजार डॉलर मोजले. तेथे ते सिंह आजही भुसा भरून उभे आहेत.

दुसरे पुस्तक अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे, 'आफ्रिकन गेम ट्रेल्स', १९१०. राष्ट्राध्यक्षपद सुटताच १९०९ मध्ये ते पूर्व आफ्रिकेत गेले. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून ५१२ जनावरे मारली. त्यात १७ सिंह, ११ हत्ती आणि २० गेंडे होते. निमित्त संग्रहालयासाठी नमुने गोळा करण्याचे. दोनशेच्या वर आफ्रिकी हमाल डोक्यावर ओझी घेऊन मागे चालत होते. कातडी टिकवण्यासाठी लागणारे टनावारी मीठही त्यांच्याच डोक्यावर.

रूझवेल्ट वाचनवेडे होते. डुकराच्या कातड्यात बांधलेली निवडक पुस्तकांची पेटी त्यांनी बरोबर नेली होती. तिचे वजन साठ पौंडांना थोडे कमी, म्हणजे एका हमालाचे ओझे, अशी नोंद त्यांनीच केली आहे. शेक्सपिअर आणि होमर डोक्यावर घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या त्या माणसाला त्यातले अक्षर वाचता येत नसेल. ज्यांच्या आजोबांनी सावकाराच्या चोपड्या वाहिल्या, पण त्यात काय लिहिले आहे ते कधी कळू दिले गेले नाही, त्यांना हे वाक्य वाचताना थांबावेच लागेल. हेमिंग्वेचे 'ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका', १९३५, हेही वाचावे. त्यात निदान एम्कोला हा बंदूक वाहणारा माणूस जिवंत उभा राहतो.

आता नवे पुस्तक. एडवर्ड स्टाइनहार्ट या इतिहासकाराने २००६ मध्ये केनियातील शिकारीचा सामाजिक इतिहास लिहिला. त्याच्या नावातच सगळे आले आहे. 'ब्लॅक पोचर्स, व्हाइट हंटर्स' म्हणजे काळा तो चोरटा शिकारी आणि गोरा तो नुसता शिकारी. गोऱ्याने परवाना विकत घेऊन हत्ती मारला तर तो खेळ. कांबा किंवा वाता जमातीच्या माणसाने बापजाद्याच्या धनुष्याने तोच हत्ती मारला तर तो गुन्हा. ज्या त्सावोत पॅटरसनने कीर्ती मिळवली, त्याच त्सावोत राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९५६-५७ च्या मोहिमेत वाता शिकाऱ्यांना पकडून तुरुंगात घातले गेले. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर सरसकट बंदी घातली, पण तोवर एका जमातीच्या कपाळावर शिक्का बसलेला होता.

हे वाचताना मला आफ्रिका दिसेनाशी झाली आणि आपला पारधी दिसू लागला. शब्दच पाहा. शिकार म्हटले की राजा आठवतो, पारध म्हटली की बेडी. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून १९५२ मध्ये पुसला गेला, ठाण्यातल्या नजरेतून पुसला गेला नाही. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' पारध्यांवर नाही, पण ती नजर कशी असते हे त्याच्याइतके कोणी सांगितलेले नाही. स्टाइनहार्ट वाचण्याआधी ते वाचा.

काही वर्षांपूर्वी लातूर भागातील एका पारध्याचे प्रकरण माझ्याकडे आले. पिशवीत दोन तितर आणि फासे सापडले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम २(१६) प्रमाणे फासे लावणे, पकडणे हीसुद्धा शिकारच. कायदा योग्य आहे. जंगल वाचलेच पाहिजे. पण त्याच्या म्हाताऱ्या आईने मला विचारले, "साहेब, त्या वाड्यात भिंतीवर वाघाचं मुंडकं हाय. त्याची केस न्हाई व्हय?" मी तिला सांगितले की कायदा आला तेव्हा ज्यांच्या घरी अशी मुंडकी होती त्यांनी ती कलम ४० खाली जाहीर करायची होती आणि कलम ४२ खाली मालकीचा दाखला मिळत होता. ती म्हणाली, "मंग आमाला दाखला कुणी द्यायचा?" याचे उत्तर माझ्या सनदेत नव्हते.

जिम कॉर्बेटची पुस्तके मराठीत आलेली आहेत, ती बहुतेकांनी वाचली असतील. त्यांनी 'माय इंडिया', १९५२, हेही वाचावे. कॉर्बेट १९४७ मध्ये केनियात जाऊन राहिला, १९५५ मध्ये तेथेच वारला. या पुस्तकात मोकामाघाटावर त्याच्याबरोबर राबलेल्या चमारी नावाच्या अस्पृश्य मुकादमावर एक अख्खे प्रकरण आहे. भांतू या 'गुन्हेगार' जमातीतल्या सुलताना डाकूला पकडायला कॉर्बेट पोलिसांबरोबर गेला होता. तरीही जन्मतःच शिक्का बसलेल्या त्या माणसाला नीट जगण्याची संधीच मिळाली नाही, हे तो कबूल करतो. साहेबाचे मोठेपण आहेच, पण चमारीची गोष्ट शेवटी साहेबाने सांगितली, चमारीने नाही.

त्या दिवशी अभ्यासिकेतून निघताना चहा घेताना काका हळूच म्हणाले, "माझा बाप हाक्याला जायचा." निजामाच्या काळात किनवटच्या रानात साहेबलोक आले की महारवाड्यातून माणसे उठवून नेत. हलगी, डबे, आरडाओरडा करत रान उठवायचे आणि जनावर बंदुकीसमोर आणून द्यायचे. मजुरी? वेठीला कसली मजुरी! एकदा पिसाळलेल्या रानडुकराने त्यांच्या वडिलांची मांडी फाडली. आयुष्यभर ते लंगडत चालले.

१९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झन निजामाचा पाहुणा म्हणून वरंगळकडे नेकोंड्याला शिकारीला आला. राजा दीनदयाळ यांच्या छायाचित्रात कर्झन पती-पत्नी आणि समोर मेलेला वाघ आहे. ज्या राज्यात तेव्हा आपले नांदेड-लातूर होते, त्याच राज्यातले हे चित्र. रान उठवणारी माणसे त्यात नाहीत. वेठीवर बंदी घालणारे संविधानाचे कलम २३ वाचताना मला आता काकांच्या वडिलांची मांडी आठवते.

तेव्हा त्या मुलाला माझे उत्तर असे. आधी 'उचल्या', मग पॅटरसन, रूझवेल्ट, कॉर्बेट आणि शेवटी स्टाइनहार्ट. पॅटरसन आणि रूझवेल्ट यांची पुस्तके आता स्वामित्वहक्काबाहेर आहेत, इंटरनेटवर फुकट मिळतात. सोबत वही ठेव आणि प्रत्येक पानावर विचार की बंदूक कोणी वाहिली, रान कोणी उठवले, मेला कोण आणि त्याचे नाव लिहिले काय.

आणि ही पुस्तके संपली की ती वही घेऊन काकांकडे जा. त्यांच्या वडिलांचे नाव, गाव, मुकादमाचे नाव, जखमेचे साल, सगळे लिहून घे. काका ऐंशीच्या पुढे गेले आहेत. किनवट-माहूरच्या वस्त्यांत असे आणखी किती असतील. शिकाऱ्यांनी आपली पुस्तके लिहून ठेवली. हाकेकऱ्याचे पुस्तक अजून लिहायचे आहे आणि ते लिहिणारा बारावीत शिकतो आहे. जयभीम.