नवी फाईल आली, कोण सांगणार?

मुलांनो, वर्गात एखादा नवा मुलगा येऊन बसला, तर बाईंना कसं कळतं? हजेरीपटामुळे! पटावर नाव नाही, पण बाकावर पोरगं आहे, म्हणजे ते नवीन. संगणकालाही हीच युक्ती शिकवता येते.

आपल्या कृष्णामाईचंच उदाहरण घ्या. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि सांगलीत आयर्विन पुलाखालून पुढे जाते. या पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं! अशा वेळी वर सातारा जिल्ह्यात किती पाऊस झाला, कोयना धरणातून किती पाणी सोडलं, हे सांगलीकरांना वेळेवर कळायला हवं. समजा, हे आकडे दर तासाला एक फाईल होऊन संगणकाच्या फोल्डरमध्ये येतात. रात्री दोनला आलेली फाईल कोण पाहणार? माणसाचा डोळा लागतो. मग हे काम द्यायचं स्क्रिप्टला. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या सूचना. पायथॉन भाषेत दहा-पंधरा ओळी पुरतात. पायऱ्या अशा:

१. फोल्डरमधल्या फाईलींची नावं वाच, यादी जपून ठेव. हा झाला हजेरीपट.
२. एक मिनिट थांब.
३. नावं पुन्हा वाच.
४. नव्या यादीतून जुनी वजा कर. उरेल ती नवी फाईल!
५. नवं काही उरलं तर घंटा वाजव. नवी यादी जपून ठेव आणि पुन्हा दुसऱ्या पायरीवर जा.

सोपं आहे ना? पण दोन गोष्टी सांभाळा. मोठी फाईल हळूहळू उतरते. अर्धीच वाचली तर आकडे अर्धवट! म्हणून तिचा आकार थोड्या वेळाने पुन्हा पाहायचा. वाढायचा थांबला की मगच उघडायची. दुसरी गोष्ट विजेची. वीज गेली की संगणकाच्या डोक्यातली यादी पुसली जाते. परत सुरू केल्यावर, मधल्या काळात आलेल्या फाईली त्याला जुन्याच वाटतात आणि घंटा वाजतच नाही. म्हणून यादी डिस्कवर लिहून ठेवायची.

लिनक्समध्ये २००५ पासून ‘आयनोटिफाय’ नावाची सोय आहे. तिथे दर मिनिटाला विचारावं लागत नाही. फाईल आली की संगणकच हाक मारतो.

आता तुमच्यासाठी कोडं: जुन्याच नावाने नवे आकडे आले, तर आपली स्क्रिप्ट फसेल का? फसली तर उपाय काय? आई-बाबांबरोबर बसून विचार करा. एक खूण देते: प्रत्येक फाईलला नावाबरोबर वेळही असते!