पानपिंपरी किडनी वाचवते का?

अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांत एकाच कुळातल्या दोन वेली पिढ्यान्‌पिढ्या वाढत आल्या आहेत. एक विड्याच्या पानाची नागवेल, दुसरी पानपिंपरी. शेवरी, हादगा, पांगारा यांच्या आधाराने पानपिंपरीची वेल चढते. तिची पुरती भरलेली पण न पिकलेली लांबट फळे तोडून उन्हात वाळवली, की आयुर्वेदातली पिप्पली, म्हणजेच पिंपळी, तयार होते. अकोट-तेल्हाऱ्यापासून अंजनगाव-अचलपूरपर्यंतच्या पट्ट्यात हे पीक मुख्यतः बारी समाजाने टिकवले. त्यामुळे 'पिंपळीतल्या घटकाने सेप्सिसमध्ये किडनी वाचते' असे कुणी सांगितले, की इथल्या माणसाला ते चटकन पटते. पीक आपले, औषध जुने, आणि वर विज्ञानाचा शिक्का.

या वाक्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ते नीट तपासायला हवे.

"रक्तात जंतू गेले, ते मेले की माणूस बरा"

सेप्सिसबद्दलची ही समजूत अर्धीच बरोबर आहे. 2016 मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन अवयव निकामी होऊ लागतात, त्याला सेप्सिस म्हणतात. सुरुवात न्यूमोनियाने होईल, लघवीच्या संसर्गाने होईल, शेतात पायाला झालेल्या जखमेने किंवा बाळंतपणानंतरच्या तापानेही होईल. 2018 मध्ये विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली. त्या आजारातही उपचार लांबले तर किडनीसह अनेक अवयवांवर परिणाम होतो. जगभरात 2017 या एका वर्षात सेप्सिसचे सुमारे 4 कोटी 89 लाख रुग्ण झाले आणि 1 कोटी 10 लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज आहे.

अशा रुग्णात किडनीला फटका लवकर बसतो. रक्तदाब घसरतो, बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह विस्कळीत होतो, आणि जंतूंचे तुकडे व दाह वाढवणारी द्रव्ये किडनीतल्या नलिकांच्या पेशींवर आदळतात. त्या पेशी बऱ्याचदा मरत नाहीत, काम थांबवतात. 48 तासांत क्रिएटिनिन 0.3 मिलिग्रॅमने वाढले, किंवा सलग 6 तास लघवी किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाली, की डॉक्टर त्याला किडनीची तीव्र इजा म्हणतात. साठ किलोच्या माणसाच्या बाबतीत ही मर्यादा सहा तासांत 180 मिलिलिटर, म्हणजे पेलाभरही नाही. क्रिएटिनिन मागाहून वाढते, लघवी आधी कमी होऊ शकते. म्हणून तापाच्या रुग्णाने दिवसभरात किती वेळा लघवी केली, हे घरच्यांनी बघणे मोलाचे असते.

जंतू मारणारी औषधे आहेत. पण बिघडलेला प्रतिसाद ताळ्यावर आणून किडनी वाचवेल असे खास औषध आज जगात कुठेच नाही. ती जागा रिकामी असल्यानेच संशोधक वनस्पतींकडे वळले आहेत.

"संशोधनात सिद्ध झालंय"

पिंपळीच्या फळात पायपरिन असते. 1819 मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी ते मिरीतून वेगळे केले. पिंपळमुळात पायपरलाँग्युमिन नावाचे आणखी एक संयुग मिळते. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी सेप्सिस केलेल्या उंदरांना ते दिले, तेव्हा दाह पेटता ठेवणाऱ्या एका प्रथिनाचा परिणाम कमी झालेला दिसला. हळदीतले करक्युमिन, द्राक्षाच्या सालीतले रेस्वेराट्रॉल, कांद्यातले क्वेरसेटिन यांचेही उंदीर-घुशींवरचे असे निकाल प्रसिद्ध आहेत. पेशीत दाहाची जनुके चालू करणारी यंत्रणा ही संयुगे आवरतात. हे सगळे खरे आहे.

मात्र प्रयोग कसा होतो, तेही पाहायला हवे. उंदराला जंतूच्या आवरणातले विष टोचतात किंवा त्याच्या आतड्याला छिद्र पाडतात. संयुग पुष्कळदा त्याच्या आधी किंवा लगेचच दिले जाते. उंदीर तरुण आणि निरोगी असतो. आपला रुग्ण साठी उलटलेला, मधुमेह असलेला, आणि तीन दिवस ताप अंगावर काढून दवाखान्यात आलेला असतो. संयुगाचा डोस उंदराच्या वजनाच्या मानाने इतका मोठा असतो, की तेवढे मिळवायला माणसाला पिंपळीची किती फळे खावी लागतील याचा विचारच करायला नको.

उंदीर आणि माणूस यांतली दरी मोठी आहे, याचा दाखला औषधकंपन्यांनी स्वतःच दिला. जंतूचे विष ओळखणारा पेशीवरचा ग्राही बंद करणारे एरिटोरान हे औषध प्राण्यांत उत्तम चालले. 2013 मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत सेप्सिसच्या रुग्णांचे मृत्यू त्याने कमी झाले नाहीत. करक्युमिनचा अनुभव तर अधिक बोलका आहे. कॅनडात पोटातल्या महाधमनीच्या शस्त्रक्रियेच्या 606 रुग्णांवर चाचणी झाली. त्यातल्या निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या आगेमागे करक्युमिनचे मोठे डोस दिले. दाह कमी होऊन किडनी सुरक्षित राहील, ही अपेक्षा होती. 2018 मध्ये निकाल आला: करक्युमिन घेतलेल्यांपैकी 17 टक्क्यांच्या किडनीला इजा झाली, न घेतलेल्यांत हे प्रमाण 10 टक्के होते. हे सेप्सिसचे रुग्ण नव्हते, आणि जेवणातल्या चिमूटभर हळदीवर हा ठपका येत नाही. पण 'वनस्पतीचे आहे म्हणजे किडनीला चांगलेच' या समजुतीला ही चाचणी पुरेसे उत्तर देते.

"चीनने तर काढ्यानेच सेप्सिस बरा केला"

या दाव्यामागे खरी चाचणी आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. शुएबिजिंग नावाचे पाच वनस्पतींचे इंजेक्शन चीनमध्ये वापरतात. त्या पाचांत करडईचे फूल आहे, वऱ्हाडाला चांगले ओळखीचे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 1817 रुग्ण होते. हे इंजेक्शन मिळालेल्यांत 28 दिवसांतले मृत्यू 18.8 टक्के होते, नुसते द्रावण मिळालेल्यांत 26.1 टक्के.

फरक मोठा आहे. तरी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हा घरी उकळलेला काढा नव्हता. ठरावीक प्रमाणाचे, निर्जंतुक औषध पाच दिवस शिरेतून दिले होते. दोन्ही गटांना प्रतिजैविके, सलाईन, अतिदक्षता विभाग हे सगळे मिळतच होते. आणि चाचणी एकाच देशातली आहे. दुसऱ्या देशांतल्या रुग्णांतही असाच निकाल आला, तरच तो पक्का मानता येईल. करडईची फुले घरी उकळून पाजण्याला या चाचणीचा काडीचाही आधार नाही.

"काढा पाजून पाहू, नुकसान त काही नाई"

या समजुतीने सर्वांत जास्त घात होतो. सेप्टिक शॉकमध्ये प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हावे, असे जागतिक मार्गदर्शन आहे. अंजनगावातून अमरावती किंवा अकोल्याचे मोठे रुग्णालय गाठायचे, तर रस्त्यातच बराच वेळ जातो. त्यात काढ्याचा गुण येण्याची वाट पाहत एक रात्र घालवली, तर किडनीसोबत जीवही हातचा जाऊ शकतो. ताप किंवा अंग गार पडणे, धाप, बरळणे, लघवी कमी होणे ही लक्षणे एकत्र दिसली, की 108 ला फोन करावा.

नुकसान दुसऱ्या वाटेनेही होते. पायपरिन यकृतातली औषधे मोडणारी विकरे मंदावते, त्यामुळे इतर औषधांचे रक्तातले प्रमाण वाढते. क्षयरोगाच्या एका गोळीत हा गुण मुद्दाम वापरून रिफाम्पिसिनचा डोस कमी केला आहे, आणि ते काम जम्मूच्या प्रयोगशाळेतून उभे राहिले. परंतु फिटची गोळी किंवा किडनी प्रत्यारोपणानंतरची औषधे चालू असताना पिंपळीचे अर्क घेतले, तर हाच गुण धोक्याचा ठरतो. अतिवापराबद्दल परंपराही सावध आहे: पिप्पली, क्षार आणि मीठ या तीन गोष्टींचे अति सेवन करू नये, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितले आहे.

काही वनस्पती तर थेट किडनीच्या वैरी आहेत. सापसणच्या कुळातल्या वेलींत ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. 1990 च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत अशी वनस्पती गेली आणि शंभराहून अधिक स्त्रियांच्या किडन्या बिघडल्या. कमरख किडनीच्या रुग्णाला झटके आणू शकते. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते. लघवी घटलेल्या रुग्णात ते साठून हृदयाचे ठोके बिघडवते. 'भरपूर पाणी पाजा, किडनी धुऊन निघेल' हाही धोक्याचाच सल्ला आहे, कारण बाहेर न पडणारे पाणी फुप्फुसात उतरते. रुग्णालयात सुरुवातीला सलाईन जोरात देतात, पण ते रक्तदाब आणि लघवी मोजत देतात.

मग झाडपाल्यातून औषध येतच नाही?

येते, आणि त्याचा पुरावा अंजनगावच्या उत्तरेला, मलेरियाने गांजलेल्या मेळघाटाच्या उपयोगाचा आहे. आर्टेमिसिया या वनस्पतीतून तू योयो यांनी आर्टेमिसिनिन शोधले आणि 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यापासून केलेल्या आर्टेसुनेटच्या इंजेक्शनाची तुलना 2005 मध्ये क्विनिनशी झाली, जे स्वतःच एका झाडाच्या सालीतून आले होते. गंभीर मलेरियातले मृत्यू 22 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आले. त्या चाचणीत भारतातलेही रुग्ण होते. संयुग वेगळे काढणे, त्यात सुधारणा करणे, डोस ठरवणे, आणि आजारी माणसांत चालू उपचाराशी तुलना करणे, या सगळ्या पायऱ्या त्याने चढल्या. सेप्सिसमधल्या किडनीच्या इजेसाठी पिंपळीची संयुगे अजून पहिल्या पायरीवर आहेत. ती पुढे जावीत असे मला मनापासून वाटते. इतके निगुतीने जपलेले पीक त्या लायकीचे आहे.

"एकदा डायलिसिस लागलं की जन्मभर"

सेप्सिसमध्ये हे पुष्कळदा खरे नसते. किडनीच्या पेशी काम थांबवून बसलेल्या असतात, म्हणून सेप्सिस आटोक्यात आला की वाचलेल्यांपैकी बहुतेकांचे डायलिसिस काही दिवसांत किंवा आठवड्यांत सुटते. या भीतीपोटी डायलिसिसच्या संमतीपत्रावर सही करायला उशीर करू नये. काहींच्या किडनीत मात्र कमजोरी राहते. त्यासाठी घरी आल्यावर साधारण तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन तपासून घ्यावे, आणि अंगदुखीच्या गोळ्या किंवा कोणताही अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.