दाणा, काळोख आणि खरेपणा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की फोटो मुद्दाम खरखरीत करण्यात कसली कला आली? प्रश्न रास्त आहे. आधी आपण जरा डार्करूममध्ये जाऊन येऊ.

फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक असतात. प्रकाश लागलेल्या स्फटिकांची डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते. आपल्याला दिसतो तो दाणा म्हणजे एकेक स्फटिक नव्हे, त्या चांदीचे एकमेकांवर आलेले पुंजके. आता ४०० एएसएची ट्राय-एक्स घ्या आणि ती १६०० ची समजून फोटो काढा. म्हणजे प्रकाश दोन स्टॉप कमी. भरपाई म्हणून फिल्म डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. इथेच गंमत आहे बरं का! सावल्यांपर्यंत प्रकाश पोचलेलाच नसतो, त्यामुळे वेळ वाढवून त्यांच्या पदरात फारसं काही पडत नाही. उजेडाचे भाग मात्र घट्ट होत जातात. म्हणून कॉन्ट्रास्ट वाढतो, दाणाही वाढतो. रोडिनल वापरलंत तर दाण्याच्या कडा ठसठशीत राहतात. वर पुन्हा चार-पाच नंबरच्या कागदावर प्रिंट काढली, की मधल्या करड्या छटा जवळजवळ संपल्याच.

टोकियोत १९६८ साली ‘प्रोव्होक’ नावाचं नियतकालिक निघालं. अंक तीनच. ताकुमा नाकाहिरा आणि समीक्षक कोजी ताकी संस्थापकांपैकी. दाइदो मोरियामा दुसऱ्या अंकापासून आले. त्यांच्या शैलीला ‘आरे, बुरे, बोके’ म्हणतात: खरखरीत, हललेलं, फोकस सुटलेलं. आम्ही तिचा अर्थ असा लावतो, की स्वच्छ छायाचित्र खिडकी असल्याचा आव आणतं. दाणा दिसला की ही खिडकी नव्हे, कुणीतरी पाहिलेलं आहे, हे लपत नाही.

पण पुढे काय झालं बघा. १९७३ मध्ये नाकाहिरांनीच ही शैली नाकारली. पाहणाऱ्याची भावना वस्तूवर चढते, म्हणून त्यांना वनस्पतींच्या सचित्र कोशासारखं कोरडं छायाचित्र हवंसं वाटू लागलं. आपल्या जुन्या निगेटिव्ह आणि प्रिंटा त्यांनी बऱ्याचशा जाळून टाकल्या. म्हणजे दाण्याचीही सवय होते, आणि सवयीचा दाणा नुसता अलंकार होतो.

युक्तिवाद म्हणून आम्हाला नाकाहिरा पटतात. तरी मोरियामांचा १९७१ मधला, मिसावातला भटका कुत्रा समोर आला, की आमची पंचाईत होते. मान वळवून आपल्याकडे बघणारा तो कुत्रा मऊ करड्या छटांत आम्हाला अजून कल्पता आलेला नाही.