जिभेच्या कडेवरील दातांचे ठसे

चिनी परंपरेतील वैद्य रुग्णाच्या नाडीवर बोटे ठेवतो त्याच्या आगेमागे त्याला जीभ बाहेर काढावयास सांगतो, आणि ती दिव्याच्या पिवळ्या उजेडात न पाहता शक्यतो दिवसाच्या स्वच्छ प्रकाशात पाहतो. जीभ सैल सोडलेली असावी असा त्याचा आग्रह असतो, कारण जोर लावून फार वेळ ताणून धरलेली जीभ जांभळट दिसू लागते. आणि नुकत्याच प्यालेल्या कॉफीने जिभेवरील थरावर जो रंग चढतो, त्यास ‘रंगलेला थर’ असे स्वतंत्र नावच त्या शास्त्राने देऊन ठेवले आहे. रोज सकाळी जिभलीने जीभ खरवडण्याचा आपला नेम त्या दिवशी बाजूस ठेवावा लागेल, कारण आपण जो थर काढून टाकतो तोच तेथे मुख्य पुराव्यांपैकी एक समजला जातो.

सुजलेली जीभ म्हणजे मुखाच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत भरलेली, जाड, मऊ व ओलसर जीभ. ती विश्रांतीतही दातांवर टेकून राहते, आणि त्यामुळे तिची कड कातण्याने कापलेल्या करंजीच्या कडेसारखी नागमोडी होते. परंतु एवढ्यावरून निदान होत नाही. फुगीर जीभ फिकट आहे की लाल, तिच्यावरील थर पांढरा व ओला आहे की पिवळा व चिकट, यावर पुढील सारी तजवीज अवलंबून असते.

फिकट, फुगीर आणि दातांचे ठसे उमटलेली जीभ हा या शास्त्रातील अतिपरिचित प्रकार होय, आणि त्याचा ठपका प्लीहेवर ठेवला जातो. सुमारे २००० वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात शरीराचा कारभार एखाद्या राज्याच्या कारभारासारखा वर्णिला असून, त्यात हृदय हा राजा, यकृत हा सेनापती, तर प्लीहा व जठर हे धान्यकोठारांचे अंमलदार आहेत. या प्लीहेचा अर्थ केवळ शवविच्छेदनात दिसणारा अवयव असा घेता येत नाही, कारण अन्नपाण्यातून सार काढून ते देहभर पोहोचविण्याचे समग्र कार्य तिच्याकडे सोपविलेले आहे. थंड व कच्च्या अन्नाने, अतिगोड व तेलकट खाण्याने किंवा सततच्या चिंतेने ती दुबळी झाली, की पाण्याची वाहतूक खोळंबते आणि ओलावा साचतो; जेवणानंतर पोट जड होणे, शौचास सैल होणे, हातपाय जडावणे या तक्रारी सुरू होतात, आणि जीभ फुगते. त्याबरोबर हातपाय गार पडत असतील व पायांवर सूज असेल, तर मूत्रपिंडाची उष्ण शक्तीही मंदावली असे वैद्य मानतो.

हेच फुगणे लाल रंगाचे असले तर अर्थ उलट होतो: तेथे हृदय व प्लीहा यांतील उष्णता दोषी ठरते, आणि फिकट जिभेस हितकर असलेली उष्ण औषधे येथे अपायकारक समजली जातात. जांभळट फुगीर जिभेमागे पुष्कळदा मद्याचा अतिरेक पाहिला जातो. एकाएकी सुजलेल्या जिभेवर जिभेखालच्या दोन शिरांना सुईने टोचून रक्त काढण्याचा जुना उपाय आहे. परंतु अशा सुजेने श्वासमार्ग बंद होऊ शकतो, एनालाप्रिल किंवा रामिप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या औषधांनीही ती येते, आणि तेव्हा तडक रुग्णालयात जाणे हाच एक मार्ग आहे. सावकाश वाढलेल्या जिभेमागेही थायरॉइडची मंदता असू शकते. तिची तपासणी आधी करून घ्यावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण वेगवेगळ्या चिनी वैद्यांनी एकच जीभ पाहिली असता त्यांची एकवाक्यता पुष्कळदा माफकच आढळते.

जिभेचे हे वाचन शतकानुशतके वाढत गेले. केवळ जिभेला वाहिलेल्या उपलब्ध ग्रंथांपैकी सर्वांत जुना १३४१ मधील आहे. त्यात आओ नामक वैद्याची जिभेची बारा चित्रे दू चिंगबी याने छत्तीसपर्यंत वाढविली, आणि ती मुख्यतः ज्वराच्या रुग्णांसाठी होती.

फिकट जिभेसाठीचे मूळ औषध म्हणजे ‘चार सज्जनांचा काढा’. सुंग राजवटीच्या सरकारी औषधालयाच्या योगसंग्रहात त्याची नोंद असून जिनसेंग, बाइजूची मुळी, पाइनच्या मुळांवर वाढणारी फूलिंग नावाची बुरशी आणि ज्येष्ठमध हे त्याचे घटक होत. शौच फार सैल असल्यास त्याचाच विस्तार करून कमळबी, कंद व पांढरे वाल घातलेले चूर्ण देतात. जोडीला गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरील अंगास, त्सूसानली या बिंदूवर सुई किंवा दवण्याच्या जातीच्या वनस्पतीचा शेक योजतात. आणि आहारात बर्फाचे पेय व कच्च्या कोशिंबिरी वर्ज्य करून गरम पेज सांगतात. थर काही दिवसांत पालटतो, पण जिभेचे अंग व आकार सावकाश बदलतात, म्हणून पुढल्या खेपेस दातांचे ठसे तसेच दिसले, तरी थर पातळ झाला असून शौच बांधून होऊ लागले असल्यास वैद्य तोच काढा चालू ठेवतो.